शत्रूंच्या वर्गातली बाई

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल मिळालं. आत निघालं ते असं: काथ्याचं पायपुसणं एक, जाड, हिरव्या काठाचं. आपल्या पुढच्या दाराची किल्ली एक, सुतळीत ओवलेली. चिठ्ठी नाही, चार ओळी नाहीत, नुसता पाठवणाऱ्याच्या जागी, तू कामाला लागलास त्या काथ्याच्या कारखान्याचा पत्ता. तिकिटं तू कमी लावली होतीस, त्याचा भुर्दंड पोस्टमननं माझ्याकडून घेतला. एका साबणाच्या वडीचे पैसे गेले. ते मी 'किरकोळ'मध्ये मांडले, कारण तुझ्या नावाचं खातं मी तू गेलास तेव्हाच बंद केलं होतं. तुला ठाऊक नसेल तर आता कळलं.

पार्सल आलं तेव्हा समोरच्या झाडाची पानं गळत होती. आता त्याला पालवी फुटली आहे आणि मी पोच आज लिहिते आहे. एवढा उशीर मी विजेच्या बिलालाही कधी केला नाही. कारण सांगणार आहे, पण माझ्या पद्धतीनं, आधी घरचं. तुझे दादा बरे आहेत. गुडघा कुरकुरतो, पण दुकानाचं शटर अजून स्वतःच वर करतात, आणि दिवसभर लोकांना चष्मे लावून देणारा हा माणूस स्वतःचा चष्मा कपाळावर ठेवून तो घरभर शोधतो. ठमीचे पेपर बरे गेले म्हणते. तिचं 'बरे' म्हणजे काय ते निकालाला कळेल. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतो. खाली वाटी ठेवते, भरली की कुंड्यांना घालते. नळाची गोष्ट पुढे यायची आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवली.

पार्सल दादांनी जेवणाच्या टेबलावर उघडलं. कात्री बाजूला ठेवून गाठ सोडवत बसले, कारण सुतळ्या मी साठवते. पायपुसण्याची गुंडाळी बघून ते चक्क हसले. मग त्या गुंडाळीतून किल्ली निसटून टेबलावर वाजली आणि त्यांचं हसू तिथल्या तिथे विझलं. जेवण होता होता एवढंच म्हणाले, "किल्ली परत आली. म्हणजे विषय संपला."

मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू. तू गेलास ती सकाळ तुलाही आठवत असेल. कंपनी बंद पडलेली. ज्या गेमसाठी इतकी वर्षं मान मोडून चित्रं काढलीस तो कुणी विकत घेईना. तू कॉटवर पडून छताकडे बघायचास, आणि मी, मला दुसरं काय येतं, ऊठ म्हणायचे, अंथरूण आवर म्हणायचे, नखं काप म्हणायचे. त्या सकाळी तू चिखलाचे बूट घेऊन नुकत्या पुसलेल्या फरशीवरून सरळ आत आलास. मी या घरात येणाऱ्या प्रत्येकाला जे म्हणते तेच तुलाही म्हटलं. त्यावर तू म्हणालास, "या घरात माणसापेक्षा फरशीला मान जास्त आहे." पिशवी भरलीस आणि गेलास. कुणाचं किती चुकलं ते उगाळत बसण्यात अर्थ नाही. फरशी ओली होती, एवढं मात्र खरं.

तर अशा माणसाकडून दोन वर्षांनी पायपुसणं आणि किल्ली येते, तेव्हा त्याचा अर्थ लावायला पंडित लागत नाही. घ्या तुमचं पायपुसणं, घ्या तुमची किल्ली, मी सुटलो. पायपुसणं मी उलगडून पाहिलंसुद्धा नाही, गुंडाळी होती तशी माळ्यावर टाकली. किल्ली मात्र टाकवेना. ती देवापाशी ठेवली, वातींच्या डबीत. रोज दिवा लावायला वात काढली की आधी ती हाताला लागायची. रोज देवाला म्हणायचे, पोराला सुखी ठेव, आणि मनात म्हणायचे, एवढा कसला रे राग. ठमी तेव्हा वसतिगृहात होती. तिला आम्ही दोघांनीही काही कळू दिलं नाही. काकावर तिचा जीव, आणि परीक्षा तोंडावर. मग दादांनी तुझी खोली भाड्यानं द्यायचं काढलं. मी नको म्हटलं नाही. काय म्हणून नको म्हणणार होते? शिकवण्या घेणारे एक मास्तर येऊन खोली बघून गेले, खिडकी त्यांना फार आवडली. मी तुझी पुस्तकं, ब्रश, रंगाच्या ट्यूबा खोक्यांत भरायला घेतल्या. वाळलेल्या ट्यूबा टाकणार होते, पण दोन-तीन पिळून पाहिल्या तर रंग होता. त्या ठेवल्या.

आणि मग ठमी परीक्षेआधीच्या सुटीला आली. तिच्याबरोबर एक भलतंच काम आलं. धाकट्या, तुझा तो धुक्याच्या मुलखातला गेम, तुमच्या मालकांनी गाशा गुंडाळताना फुकट करून टाकला होता, हे तुला माहीत आहे का? फुकट म्हटल्यावर लोक आले, आणि आले ते तिथेच रमले. आता त्यांनी त्याचा विकी केला आहे. विकी म्हणजे काय ते मलाही ठाऊक नव्हतं. एखाद्या गोष्टीवर जीव असलेली माणसं मिळून तिची बारीकसारीक माहिती एका जागी लिहून ठेवतात. कुणीही भर घालावी, कुणीही चूक दुरुस्त करावी, पगार कुणालाच नाही. आपल्या भाषेतल्या पानांवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं, त्यांतली एक आपली ठमी. गेममधल्या चित्रांचा तिथे ढीग पडलेला, एकाही चित्राला नाव नाही, नुसते आकडे. प्रत्येक चित्र कुठल्या ना कुठल्या वर्गात घालायचं: वस्तू, जागा, माणसं, शत्रू आणि काय काय. ठमीला अभ्यासामुळे जमेना. ती म्हणाली, आई, तुला डब्यांवर चिठ्ठ्या लावायला आवडतं, हे तेच आहे, फक्त डबे घासावे लागत नाहीत.

मी आधी उडवून लावलं. पण खरं सांगू, तू रोज सकाळी डबा घेऊन जायचास आणि तिथे दिवसभर नेमकं काय करायचास, ते मला कधी कळलं नव्हतं. तू सांगायचास तेव्हा माझं लक्ष गॅसवर. म्हटलं, बघू तरी. रोज दुपारची भांडी आवरली की ठमीच्या लॅपटॉपसमोर बसायला लागले. तिनं मला तिथलं नावही घेऊन दिलं, 'फडताळ'. बाकीचे मला पुरुष समजून 'फडताळभाऊ' म्हणतात. मी खुलासा केलेला नाही. भाऊ म्हटलं की लोक जरा ऐकून घेतात.

सुरुवातीला मी सगळं घरच्यासारखं लावलं. कंदील तेलाच्या बुधल्याशेजारी. तलवार सुरी-कात्रीबरोबर, 'धारेच्या वस्तू' असा नवाच वर्ग काढून. एका गुहेतल्या हाडांच्या सापळ्याला मी 'अडगळ' म्हटलं. यावरून तिथे बरीच करमणूक झाल्याचं ठमीकडून कळलं. मग 'रातकिडा' नावाच्या एकानं मला नीट समजावून लिहिलं. हा तिथला जुना माणूस, कुठल्याशा इस्पितळात रातपाळीला असतो, म्हणून हे नाव. त्यानं लिहिलं, फडताळभाऊ, आपला एकच नियम आहे. वर्ग चित्राच्या दिसण्यावरून ठरत नाही, ती गोष्ट खेळात काय करते त्यावरून ठरतो. फूल दिसायला फूल असलं तरी हात लावल्यावर माणूस मरत असेल तर ते शत्रूंत जातं. मला हे पटलं. आपल्याकडे नाही का, कुंकवाच्या जुन्या डबीत तू सुया ठेवायचास, आणि मी ती शिवणाच्या डब्यातच घालायचे.

पटलं, पण अंगी लागायला वेळ गेला. कारण दुसऱ्याच दिवशी माझ्यासमोर एक बाई आली. दार अडवून उभी, कमरेला फडकं खोचलेलं, हातात झारा उगारलेला, भुवया अशा ताणलेल्या की वाटावं आता एक ठेवून देते. नाक हे एवढं. मी मनात म्हटलं, काय बाई कजाग आहे, आणि तिला 'शत्रू' वर्गात टाकून पुढच्या चित्राकडे वळले. दुसऱ्या दिवशी पाहते तर ती तिथे नाही. रातकिड्यानं तिला काढून 'आसरा' नावाच्या वर्गात ठेवलेलं. त्या वर्गात दुसरं कुणी नाही, ती एकटीच. मी तिला पुन्हा शत्रूंत आणली. त्यानं पुन्हा काढली. तू मला ओळखतोस, मी तिसऱ्यांदा आणली. तेव्हा त्यानं चर्चेच्या पानावर लिहिलं, आणि ते जसंच्या तसं उतरवून काढते: "फडताळभाऊ, तुम्ही गेम खेळलेला दिसत नाही. ही शत्रू नाही. सगळ्या मुलखात धुकं जिथे शिरत नाही असं एकच घर आहे, आणि ते हिचं. ती दिसली की आमचा जीव भांड्यात पडतो."

मला राग आला. झारा उगारलेल्या बाईला पाहून कुणाचा जीव भांड्यात पडतो? मी ठमीला म्हटलं, चल, खेळून दाखव मला. दुपारची वेळ, मी शेंगा सोलायला घेऊन तिच्या शेजारी बसले. तुझा तो वाटसरू चालत निघाला. बिचारा एकटा, मागून धुकं येतंय, धुक्यात कसले कसले हात. मी एकदा-दोनदा डोळे मिटून घेतले. ठमी लहानपणी तुझ्याशेजारी बसून हे सगळं खेळलेली, तिची बोटं झरझर चालत होती. शेवटी टेकडीवर ते घर आलं. दारात ती बाई. ठमी म्हणाली, नवी माणसं इथे हमखास अडकतात, काहीजण तर तिच्याशी मारामारी करायला जातात, ती हलत नाही. वाटसरू जवळ गेला, आणि पडद्यावर त्या बाईच्या तोंडचे शब्द उमटले: "पाय पुस."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. वाटसरूनं पाय पुसले, तेव्हा कुठे ती बाजूला झाली. तो आत आला तशी दुसरी ओळ उमटली: "किल्ली खुंटीला लाव." धाकट्या, तू नऊ वर्षांचा असताना मी तुला शाळेतून आल्यावर रोज दारात हेच दोन हुकूम सोडायचे. तिसरा शब्द नाही. तू आत यायचास, पाय पुसायचास, स्टुलावर चढून किल्ली लावायचास, कारण खुंटीपर्यंत तुझा हात पोचायचा नाही. मला वाटायचं, तू दात-ओठ खात असशील.

ठमीनं किल्ली खुंटीला लावली. खोलीत दिवा लागला. इतका वेळ वाजत असलेलं ते भीतीचं संगीत थांबलं आणि घरातले आवाज ऐकू यायला लागले. भांड्यावरचं झाकण थरथरतंय. नळ गळतोय, थेंब वाटीत पडतोय. तो आवाज मी ओळखणार नाही तर कोण? आणि त्या सगळ्यामागे बाई काहीतरी पुटपुटतेय. विकीवर त्यावर अख्खं एक पान आहे, 'ती काय पुटपुटते?' या नावाचं. कुणी म्हणतं जुन्या भाषेतला मंत्र आहे, त्यामुळेच धुकं आत येत नाही. कुणी म्हणतं उलटं वाजवलं की मेलेल्या राजाचं नाव निघतं. मी ठमीला आवाज मोठा करायला लावला. माझं नामस्मरण आहे ते, भाजी ढवळतानाचं, आणि मध्येच दोनदा, साबण संपला, साबण संपला. तू एकदा चार्जिंगला म्हणून फोन फडताळात माझ्या डोक्याशी ठेवून गेला होतास, तेलाचे हात लागतील म्हणून मी ओरडले होते. ते चार्जिंग नव्हतं तर. म्हणजे देवाचं नाव आज कुठल्या कुठल्या घरात वाजतंय, माझ्या साबणासकट. हे पुण्य कुणाच्या खात्यावर घालायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण मला जे सांगायचं आहे ते पुढेच आहे. मी ठमीला विचारलं, किल्ली लावली, आता पुढे काय? ती म्हणाली, आता तो मोकळा. इथून पुढचा रस्ता फार वाईट आहे, पण किल्ली इथे ठेवली ना, म्हणजे त्याचं इथवरचं सगळं राखलं गेलं. पुढे काहीही झालं, पडला, धुक्यात सापडला, तरी तो या घरातच परत उठतो. मी विचारलं, आणि किल्ली बरोबर घेऊन गेला तर? ती हसली. म्हणाली, मग संपलंच, पार पहिल्यापासून सुरुवात. परत यायचं असेल त्यानं किल्ली सोडून जायची असते, आई, हेच तर काकानं गंमत म्हणून उलटं केलंय.

तिला पार्सलचं काहीच ठाऊक नव्हतं. ती बोलून गेली आणि खेळायला लागली. मी शेंगांचं ताट खाली ठेवलं, उठले आणि स्टूल घेऊन माळ्याशी गेले. पायपुसण्याची गुंडाळी काढली आणि पहिल्यांदा उलगडली. मग लॅपटॉपवर त्या घरातल्या पायपुसण्याचं चित्र शोधून काढलं. ते मीच आदल्या आठवड्यात 'गालिचे' वर्गात टाकलेलं होतं. हिरवा काठ, काठाच्या आत तीन नागमोडी ओळी, आणि एका कोपऱ्यात ओळ चुकून तिरपी गेलेली. चित्रात तिरपी, काथ्यातही तिरपी. आणि आपलं जुनं, मी फाटक्या घोंगडीचं शिवलेलं, तेही त्याच कोपऱ्यात तिरपं होतं, कारण तिथे मला दोरा पुरला नव्हता. तू ते स्वतःच्या हातानं विणलंस, होय ना? कारखान्यात असला काठ कोण करायला सांगेल. मी तिथेच माळ्याखाली स्टुलावर बसले. दिसण्यावरून वर्ग लावू नये, हे मला त्या रातकिड्यानं सांगून झालं होतं. पायपुसणं आणि किल्ली दिसायला कशी का दिसेनात, ती तुझ्या खेळात काय करतात, ते आधी बघायला हवं होतं. तुला वाटलं असेल, ठमी बघेल आणि सांगेल. आणि आम्ही शहाण्यांनी ती ठमीपासूनच लपवली. एवढे दिवस मी ज्याला कायमचा निरोप समजून वातींच्या डबीत झाकून ठेवलं, ते उलट होतं. त्या दुपारी, लग्नानंतर पहिल्यांदाच बहुधा, मी भांडी तशीच पडू दिली.

आधी मी त्या बाईला शत्रूंतून काढली. बदल केला की कारण लिहायला तिथे एक छोटी चौकट असते. मी लिहिलं, "चूक झाली. मी तिला ओळखलं नव्हतं." रातकिड्यानं लगेच आभार मानले आणि लिहिलं की हरकत नाही फडताळभाऊ, तिचा स्वभावच तसा आहे. म्हणाला, पाळी संपवून घरी आलो की झोपण्याआधी नुसता तिथे जातो, पाय पुसतो, किल्ली लावतो आणि बंद करतो. पुढे खेळतही नाही. त्याच्याखाली आणखी किती जणांनी काय काय लिहिलंय. मी सगळं वाचलं नाही. डोळ्यांत कचरा गेला होता.

दादांना ठमीनं दुकानातून आल्यावर खेळून दाखवलं. मी मुद्दाम स्वयंपाकघरात राहिले. ते चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेऊन बराच वेळ बघत होते. मग मोठ्यानं म्हणाले, भुवया जमल्यात. जरा थांबून म्हणाले, नाकही. पुन्हा एकदा दारापासून खेळायला लावलं. नाकाबद्दल मी तुझ्याशी समोरासमोर बोलणार आहे. दुसऱ्या दिवशी मी पदरचा सगळा धीर गोळा करून त्या मास्तरांना खोली मिळणार नाही असं सांगायला गेले, तर मास्तर म्हणाले, अहो, तुमचे मिस्टर सकाळीच येऊन सांगून गेले. घरी आले तर तुझी खोकी सोडलेली आणि ट्यूबा खिडकीत ओळीनं मांडलेल्या. दादांचंच काम ते. आता दुकानात चष्म्याला येणाऱ्या प्रत्येक तरण्या पोराला विचारतात, धुक्याचा गेम खेळतोस का, आणि खेळतो म्हणाला की काचा पुसायचं फडकं फुकट देतात. धंद्याचं काय होणार देव जाणे. नळवाला आला होता. त्याला मी चहा दिला आणि परत पाठवलं. तो नळ आता दुरुस्त करवत नाही.

हे सगळं पत्रात लिहायचं कारण आता सांगते. तुझ्या गेममध्ये ती बाई किल्लीला हात लावत नाही. मी ठमीला मुद्दाम विचारून घेतलं. किल्ली वाटसरूनंच लावायची असते, तिनं लावली तर चालत नाही. म्हणून तुझी किल्ली अजून देवापाशीच आहे. खुंटीवर दादांची छत्री असायची, ती मी काढली. खुंटी मोकळी आहे. तुझं पायपुसणं दाराशी घातलंय आणि त्यावर अजून कुणाला पाय ठेवू दिलेला नाही, दादासुद्धा ओलांडून येतात आणि माझ्या नावानं बोटं मोडतात. खोली झाडून ठेवली आहे. तुझं खातं मी वहीत पुन्हा उघडलं. पहिली नोंद त्या पार्सलच्या भुर्दंडाची, 'किरकोळ'मधून काढून तिथे नेली. आता एकच राहिलं. मी वाचलं ते बरोबर वाचलं का? मी दहावीपर्यंत शिकलेली बाई, एकदा चुकीच्या वर्गात घातलंच होतं, दुसऱ्यांदाही चुकले असेन. नुसतं पायपुसणं आणि नुसती किल्ली असेल, तर तसं लिही, मी ऐकून घेईन. पण बरोबर असेल तर तुझा पुढचा वाईट रस्ता चालून झाला की नाही, आणि कुठल्या गाडीनं येतोस, ते लिही. सोबत पाकीट घातलंय. उलटं करून पुन्हा चिकटवलेलं आहे, पण तिकीट नवं आहे आणि पुरेसं आहे. ते वाया घालवू नकोस, उलट टपाली कळव.

तुझीच,
वहिनी